शेवटच्या चक्करची घंटी

सर स्टेजवरून माहा किस्सा सांगून राहिले होते अन् माहा नवरा मांडी थोपटून हासून राहिला होता. आमची पोरगी त्यायच्या खांद्यावर होती, त्यायच्या हासण्यानं तेही गदगद हालून राहिली होती. हासता हासता हे मले म्हणतात, "कोण होती वं ते येडी पोट्टी? शर्यत संपाच्या आंधीच बसली म्हणते खाली!"

मी म्हटलं, "मीच."

त्यायचं तोंड उघडंच राह्यलं. मंग मिटलं. पोरीले या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. माह्या छातीत असं धडधड होऊन राहिलं होतं का मले वाटलं बाजूच्या खुर्चीवरच्या बाईले आयकू जाते. मी जनमाची भेवदरी हावो. कुत्रं भुकलं का भेव, सासू खाकरली का भेव, मोबाईलवर अनोळखी नंबर आला का भेव. पण भेव अन् राग एकाच आंगात राहू शकतात हे लोकायले मालूम नाई. माह्या आंगात ते दोघं जावाजावावानी राहतात, एकमेकीचं तोंड पाहत नाई, पण चूल एकच.

किस्सा मी पुरा सांगते, कारण सर अर्धाच सांगतात.

माहं माहेर बाळापूरजोळ, मन नदीच्या काठचं. आमी माळी, वावरात वांगे, सांबार म्हणजे कोथिंबीर, अन् झेंडूची फुलं. वावरात रोही याचे. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर, कळप आला का एका रात्री वांग्याचं वावर साफ. बाबा म्हणत, "पळ वं!" अन् मी पळो, हातात डबडं, तोंडानं हाऽऽ हाऽऽ. मले कोणी पळाले शिकवलं नाई, रोह्यायनं शिकवलं.

बारावी कशीबशी निंघाली, मंग अकोल्याच्या कॉलेजात बी.ए.ले नाव टाकलं. एक दिवस एसटी सुटली, मी मांगं पळाली, पळत पळत पुढच्या थांब्यावर धरली. गाडीत आमचे खेळाचे सर बसले होते. मी आपली दांडीले लटकून हापत उभी, अन् सर मले खालून वरतं पाहून राहिले.

"कोणत्या वर्गात हायेस वं तू?"

मले वाटलं आता हे प्रिन्सिपलले सांगतात. मी खोटा वर्ग सांगितला. दुसऱ्या दिवशी त्यायनं मले हुडकून काढलं अन् ग्राउंडवर उभी केली, मंग हॉस्टेलात जागाई पाहून देली.

संध्याकाळी सराव झाला का सर रोलरवर बसत अन् आमच्या कॉलेजच्या खेळाचा इतिहास सांगत. त्यायले तोंडपाठ होता. पहिले हे ग्राउंड म्हणजे नुसत्या बाभळी, पोट्ट्यायनं श्रमदानात तोडल्या. काळी माती, उन्हाळ्यात पाय जाईन एवढ्या भेगा, पावसाळ्यात चपलीले शेर शेर चिखल. आंधी कुस्ती अन् कबड्डीच होती. मंग पोरी आल्या. पहिली पोरगी पळाली ते साडीचा काष्टा घालून, अन् सर म्हणत का त्या दिवशी शर्यत पाहाले कोणीच आलं नोतं, सारे काष्टाच पाहाले आले होते. मंग सलवार आली, वढणी कमरेले बांधून. मंग ट्रॅकपँट. अमरावतीले विद्यापीठाच्या स्पर्धा होत, साऱ्या कॉलेजांच्या, तठी आमच्या पोट्ट्यायनं कवा काय आणलं, कोणत्या साली गोळाफेक, कोणत्या साली काहीच नाई, सारं सांगत.

"आपल्या कपाटात कप कमी हायेत," ते म्हणत, "पण घंटी आपली हाय!"

घंटी म्हणजे पितळेची, हातानं हालवाची, लाकडाच्या मुठीची. कॉलेज निंघालं तवापासूनची. आंधी तासाची होती, मंग बिजलीची बेल आली तं सर ते ग्राउंडवर घेऊन आले. एका साली अमरावतीले नेली, तिचा आवाज पुऱ्या ग्राउंडवर गेला, तवापासून लांबच्या शर्यतीत शेवटची चक्कर लागली का आमच्याच कॉलेजची घंटी वाजवाची अशी रीतच पडली. जिंको कोणीई, घंटी आमची. अन् वाजवणार सर. दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसत. घासाचं काम तेवढं माहं. चिंच अन् राख. मी ते अशी घासो का तिच्यात माहं तोंड दिसे, लांबट, कद्दूवानी.

सरनं मले एक गोष्ट शिकवली, ते मी आजवर इसरली नाई. ते म्हणत, "पळणाऱ्यानं चकरा मोजाच्या नाई. मोजाचं काम आमचं. तू घंटीवर भरोसा ठेव. डोकं वापरलं का पाय जड होतात." मी आज्ञाधारक पोरगी. रोही हाकलतानाई मी मोजले नोते कधी.

तं मंग ते अमरावतीची शर्यत. पाच हजारची, साडेबारा चकरा. पहिल्या दोन येणाऱ्या पोरी विद्यापीठाच्या टीममधी जाच्या अन् त्यायले विद्यापीठाचा कोट भेटे, खिशावर बिल्ला शिवलेला. कलर कोट म्हणतात त्याले. तो कोट घालून पोट्टी गावात आली का म्हातारे लोकंई खाटेवरून उठून बसत. बाबानं मले निंघतानाच सांगून ठेवलं होतं, "कोट घेऊन आली तं पुढं शिक, मी आडवा येत नाई. नाई आली तं पाहुणे दारात उभे हायेत." बाबा वाईट नोते. त्यायले लोकायले दाखवाले काही तरी पाहिजे होतं, बस.

सकाळची थंडी होती, फक्कीच्या पांढऱ्या रेघा वल्ल्या मातीवर अशा दिसत होत्या का पाय ठेवाले जीव होये ना. आमच्या कॉलेजच्या दोघी होतो, मी अन् एक अकोल्याची, कापडवाल्याची पोरगी, तिच्या पायात महागाचे बूट. माह्या पायात काहीच नोतं, बुटानं मले पळता येत नसे. सुरू झाली शर्यत. मी पुढं निंघाली ते निंघालीच. कापडवाल्याची मांगं, बाकीच्या तिच्याई मांगं. सर रेघेजोळ टेबलावर बसले होते, सामने घंटी, बाजूले दुसऱ्या कॉलेजचा एक सर, दोघायच्या हातात चहाच्या बश्या. मी जवा जवा समोरून जाओ तवा तवा ते बशी फुंकून राहिलेले दिसत.

अन् घंटी वाजली. टण टण टण टण.

मले आंतून वाटलं का एक चक्कर लवकरच वाजली. वाटलं, खोटं काहून बोलू. पण घंटी म्हणजे घंटी. डोकं वापराचं नाई. मी जीव काढला. जेवढा होता तेवढा सारा काढला, मांगं काही ठेवलाच नाई, पोटऱ्या दगड झाल्या, तोंडात रगताची चव आली, रेघ ओलांडली अन् बदकन् मातीत बसली. कोणी तरी लिंबाचं पाणी देलं. मी रडून राहिली होती, आनंदानं, मले डोयासमोर बाबा अन् कोट, कोट अन् बाबा दिसून राहिले होते.

तेवढ्यात सर पळत आले. "उठ! उठ वं! एक चक्कर बाकी हाय!"

मले वाटलं मजाक करून राहिले. मंग कापडवाल्याची माह्या बाजूनं गेली. मंग तिच्या मांगची. मंग अजून एक. मी उठली, पायात गोळे आले, पुन्हा बसली, पुन्हा उठली. पुरी केली ते चक्कर, लंगडत, पण तवरोक कोट दुसऱ्यायच्या आंगात गेला होता.

पंच आले, विचारू लागले का घंटी कोणी वाजवली, काहून वाजवली. मी सरच्या तोंडाकडे पाह्यलं. ते सांगतीन, आता सांगतीन. अन् सर म्हणाले, "मी नाई वाजवली. टेबलाले धक्का लागला असन, हालली असन. पण पोरीले स्वतःले समजाले नोको का? खेड्यातली हाय, मोजता येत नाई तिले." सारे हासले. मलेई कोणी विचारलं नाई अन् मीई तोंड उघडलं नाई.

त्या दिवसापासून माहं नाव पडलं साडेअकरा. हॉस्टेलच्या पोट्ट्या, मेसवाला, सारे. "कावं साडेअकरा, जेवण पुरं करशीन का अर्ध्यातच उठशीन?" घरी गेली तं बाबानं थैली उघडून पाह्यली अन् पुन्हा बांधून ठेवली. त्या उन्हाळ्यात लग्न झालं, अचलपूरकडे, संत्र्यावाल्याच्या घरात. नवरा चांगला हाय. सासू सासूवानी हाय. मले फक्त मैदानाजवळून एसटी गेली का तोंड फिरवाची सवय लागली. अन् बी.ए. तठीच राह्यली, साडेअकरावर.

आता या वर्षी सर रिटायर होऊन राहिले. माजी खेळाडूंचा मेळावा ठेवला. कापडवाल्याची पोरगी आता शाळेत खेळाची बाई हाय, तिनं व्हॉट्सॲपवर ग्रुप केला, कुठून तरी माहा नंबर काढला. सासू म्हणे, "आता पळाले जाशीन काय? दूध पिणारं लेकरू काखेत धरून?" मी म्हटलं, नाई जात. पण ह्यायले अकोल्यात ट्रॅक्टरचे टायर पाहाचे होते. हे म्हणाले, "चाल, तुहं कॉलेज मलेई पाहू दे एक डाव."

म्हणून मी तठी खुर्चीवर बसली होती, अन् सर माइकवर इतिहास सांगून राहिले होते, बाभळी, काष्टा, घंटी, सारं तसंच्या तसं. फक्त आता शेवटी एक नवीन पान लागलं होतं. लोकायले हासवाले. "अन् एक आमची पोरगी अशी होती बुवा, घोडीवानी पळे, पण गणितात कच्ची! साडेअकरा चकरा मारल्या अन् बसली! म्हणे झाली शर्यत!" सारा मांडव हासला. त्यायले मी बसलेली दिसत नोती. दिसली असती तरी सांगितलं असतं. मी म्हणजे त्या कॉलेजच्या खेळाच्या इतिहासात एवढीच. ना कपात, ना फोटोत. हासू याच्या जागेवर.

अन् मले तवा समजलं का माह्या पोरीले मोठी झाल्यावर कोणी इचारलं, तुही माय कोण होती, तं हेच सांगतीन. मले ते सहन झालं नाई. मले कोट नोता पाहिजे आता. मले पाहिजे होतं का या माणसानं, याच माइकवर, म्हणावं का घंटी मी वाजवली होती.

स्टेजवरून आवाज आला, "आता सारे माजी खेळाडू मानाची एक चक्कर मारतीन अन् सर आपल्या हातानं घंटी वाजवतीन!"

मी चपला खुर्चीखाली सरकवल्या. पदर खोचला.

"आवं, कुठी चालली?" हे म्हणाले.

"चक्कर माराले."

"लेकरू रडन."

"रडू द्या. तिची माय लय दिवसाची रडून राहिली, तिले कोणी घेतलं?" असं म्हटलं अन् माह्याच बोलण्याचं मले भेव वाटलं, कारण त्यायले मी असं कधीच बोलली नाई.

पळाले कोण कोण होतं म्हणता? ढेऱ्या सुटलेले कबड्डीवाले, गुडघे धरून चालणारे, अन् कापडवाल्याची पोरगी, आंगात तोच कोट, बटनं लागत नोते. सारे हासत खिदळत, कोणी मोबाईलमधी शुटिंग करत एक चक्कर फिरले. सर रेघेवर उभे, गळ्यात शाल, हातात घंटी. टण टण टण टण. सारे थांबले, टाळ्या झाल्या, फोटो झाले.

मी नाई थांबली.

मी त्यायच्या समोरून निंघून गेली. फक्कीच्या रेघेले रेघ धरून. पहिल्यांदा लोकायले वाटलं बाई उत्साही हाय. दुसऱ्यांदा समोरून गेली तं मी वरडली, "सर! किती बाकी हायेत?"

सर हासले, हात हालवला. "झाली वं बाई, झाली! थांब!"

"मले मोजता येत नाई न सर! गणितात कच्ची हावो! तुमीच सांगा!"

आता त्यायनं मले ओळखलं. मले त्यायचं हासणं गालावरून उतरताना दिसलं, जसं तव्यावरचं पाणी उडून जाते तसं. देवाची आण, एवढं गोड मले लग्नाच्या दिवशीई वाटलं नोतं.

पुढच्या चक्करले त्यायनं पुन्हा घंटी वाजवली, जोरानं. मी कानाले हात लावला. "कोणी वाजवली सर? तुमी तं नाई न वाजवली? टेबलाले धक्का लागला असन!"

मांडवात सारे उठून उभे झाले. खुर्च्या स्टेजकडून ग्राउंडकडे फिरल्या. पाहुणे घड्याळ पाहून राहिले, हार आणणारा हार घेऊन तसाच उभा. आताचे कॉलेजचे पोट्टे शिट्ट्या माराले लागले, मी समोरून गेली का जोरजोरानं चकरा मोजाले लागले. त्यायले काही मालूम नोतं, पण सत्कार थांबला म्हणून ते खुश. कोणी तरी म्हणे, "ताई, रोही मांगं लागला काय?" मी म्हटलं, "मी रोह्याच्या मांगं लागली!"

माहा दम सुटला होता. खोटं काय सांगू, ते जुनी पोरगी मेली आता, तिच्या जागेवर एक बाळंतीण पळून राहिली होती. साडी पायात येई. दुधानं छाती जड, ब्लाऊज वल्ला. आमची पोरगी मांडवात जी रडून राहिली होती ते मले पुऱ्या ग्राउंडच्या पल्याडून आयकू येई अन् तिच्या एका एका हुंदक्याले माहं दूध सुटे. मले वाटलं मी पडन अन् मरन अन् हे लोकं म्हणतीन, पाहा, पुन्हा आंधीच बसली. त्या भेवानंच मी पळत राह्यली.

कापडवाल्याची पोरगी माह्या बाजूनं पळाले लागली, कोट फडफडवत.

"थांब न वं साडेअकरा! मरशीन!"

"तुहा कोट काढून दे, मंग थांबते."

तिनं कोटाकडे पाह्यलं. काढला नाई. थोडं पळाली, हापली, मंग म्हणे, "मीई आयकली होती घंटी. त्यायच्या हातात होती. मले दिसलं होतं."

"मंग तवा काहून नाई बोलली?"

"मले कोट पाहिजे होता," ते म्हणे.

सरळ सांगितलं. मले तिचा राग आला, पण सरपेक्षा कमी आला. ते मांगं राहून गेली, कमरेवर हात ठेवून.

शेवटी सर स्वतःच रेघेच्या मधात येऊन उभे राह्यले. मी त्यायच्या पुढ्यात आली अन् जाग्यावरच पळत राह्यली, पाय खाली टेकू देलेच नाई, कारण थांबली तं संपलं. त्यायच्या कपायावर घाम, शाल एका बाजूनं लोंबलेली.

हळूच म्हणाले, "मुद्दाम नाई केलं वं मी. चहा आला होता. गोष्टीत लागलो. तू आली अन् वाजवून गेलो. मंग समजलं का एक चक्कर आंधीच वाजली. एवढ्या वर्षांची घंटी, एवढा मान, सारे पंच समोर. मी भेलो."

भेलो. हा शब्द मले चांगला मालूम हाय. मले तठी दया याले पाहिजे होती. दुसरी कोणी असती तं तिले आली असती. मले नाई आली. मी म्हटलं, "मीई भेली होती सर. पण मी कोणाचं नाव नाई खराब केलं."

"आता काय पाहिजे तुले?"

"माइकवर सांगा."

"आता? साऱ्यायसमोर?"

"किस्सा तं साऱ्यायसमोरच सांगता न? नाई सांगत तं माह्या अजून लय चकरा बाकी हायेत."

अन् मी पुन्हा निंघाली. पोट्टे वरडले. मांगून मले सरच्या चपलीचा आवाज आयकू आला, स्टेजच्या पायऱ्या चढण्याचा. माइक खरखरला. मी पळत पळत कान तिकडे लावला.

"तं मंडळी, जेवणाची व्यवस्था इमारतीच्या मांगच्या बाजूले केलेली हाय," सर एका दमात म्हणाले, "अन् त्या वर्षी अमरावतीले घंटी माह्या हातानं एक चक्कर आंधी वाजली होती, त्या पोरीची काही चूक नोती, तरी साऱ्यायनं ताटं घेऊन रांगेत उभं राहावं, सत्कार जेवणानंतर होईन."

जेवणाचं नाव निंघालं अन् मांडव फुटला. खुर्च्या सरकल्या, लोकं ताटाकडे पळाले, कबड्डीवाले सगळ्यायच्या पुढं. ते मधातलं वाक्य ताटातल्या पुऱ्यांवरून, शिऱ्याच्या बाजूनं निंघून गेलं, कोणाच्या कानात शिरलंच नाई. मी रेघेवर उभी राह्यली. हे पोरीले घेऊन आले.

"म्हटलं त्यानं," हे म्हणाले. "मी आयकलं."

"अजून कोणी आयकलं?"

ह्यायनं आजूबाजूले पाह्यलं. "माइकवाल्यानं आयकलं असन. पण त्याच्या कानात हेडफोन हाय."

मी रेघेजवळच्या टेबलाशी बसली, पदराआड पोरीले घेतलं. पोरगी अशी वढून राहिली होती जशी मी कुठी पळून जाऊन राहिली. टेबलावर घंटी होती. सर माइक धराले गेले तवा ठेवून गेले. इतक्या वर्षांत ते कोणाच्या भरोशावर त्यायनं अशी टाकली नोती. काळी पडली होती, कोणी घासलीच नोती. दूध पिता पिता पोरीनं हात लांब केला अन् घंटीची मूठ धरली.

मी ते तिच्या दुपट्यात गुंडाळली.

"हे काय करून राहिली वं?" हे म्हणाले, आवाज बारीक करून.

"ज्याले वाजवता येत नाई त्यानं ठेवू नोये," मी म्हटलं, पण काखेत पोरगी, एका हातानं गाठ बांधता येये ना. गाठ ह्यायनंच बांधली. तवा मले समजलं का ते हासले होते त्याचा हिशोब ते असा पुरा करून राहिले.

जेवलो नाई. तसेच स्टँडवर आलो. अकोटच्या पुढं रस्ता खराब, गाडी गचका खाये अन् माह्या मांडीवरच्या थैलीतून टण. पुन्हा गचका, पुन्हा टण. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबला. "काहो बाई, गाय घेऊन बसल्या काय? तिचं तिकीट काढा." सारी गाडी हासली. मीई हासली. पण प्रत्येक टणले माह्या काळजात धस्स होये, का मांगून कोणी मोटरसायकलवर येऊन राहिलं असन.

सासूले सांगितलं, कॉलेजनं देली, आठवण म्हणून. सासू म्हणे, "पितळ चांगलं हाय." बस. आता पोरगी ते दोन्ही हातानं धरून वाजवते, वेळ नाई पाहत, काळ नाई पाहत. सासूचा डोया लागला का नेमकी वाजवते. मले तेवढंई गोड लागते.

मंग सरचा फोन आला. नंबर पाहूनच मी मोबाईल पदराखाली लपवला. मी गोठ्यात गेली.

"घंटी तुह्याजोळ हाय काय?"

मी म्हटलं, "हाय."

"पाठवून दे वं. अमरावतीच्या स्पर्धा आल्या तोंडावर. माह्या हातची शेवटची हाय. तुले म्हणलं न मी माइकवर."

"जेवणाच्या रांगेत म्हणलं."

"म्हणलं तं सही."

"सर, घंटी मीच घेऊन येते अमरावतीले. मीच वाजवते. तुमी खुर्चीवर बसा, चहा प्या, गोष्टी करा."

"असं नाई होत. नियमात बसत नाई. बाहेरच्या माणसाले तठी बसता येत नाई."

"मंग ताट वाजवा."

मले आवाज आला त्यायच्या श्वासाचा, म्हाताऱ्या माणसाचा. मले वाटलं आता पोलीसचं नाव घेतात. पण ते म्हणाले, "इचारून सांगतो," अन् ठेवून देला.

अजून फोन आला नाई. येईन का नाई, मालूम नाई. दारासमोर गाडी थांबली का मी अजूनई चुलीमांगं जाते. पण मी घंटी घासून ठेवली हाय, चिंच अन् राख, तिच्यात पुन्हा तोंड दिसाले लागलं, माहं अन् पोरीचं. फोन नाई आला तरी मी जाणार हावो. त्यायनं नाई बसू देलं तं दोरीच्या बाहेर उभी राहीन, लोकायमधी. कोणती तरी पोट्टी सगळ्यायच्या पुढं असन, पायात बूट असो का नसो, तिले तिच्या सरनं सांगितलंच असन का मोजू नोको. नोको मोजू बाई. मी मोजून राहिली हावो.

अन् सर टेबलावर बसले असतीन, हातात ताट अन् चमचा. त्यायले वाजवाचं असन तवा वाजवू द्या. माह्या घंटीच्या आवाजात ते कोणाले आयकू जाणार नाई.